मध्यम पातळीच्या वॉटर एरोबिक्सचा आराखडा: आधी पाण्याचा रोध, मग संगीताची गती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही प्राथमिक पातळीचा वॉटर एरोबिक्सचा वर्ग घेता. त्यातील बरेच सदस्य आता सरावले आहेत, पूर्वीसारखा दम लागत नाही अशी त्यांची तक्रार आहे आणि मनगटावरील घड्याळात नाडीचे ठोकेही कमी दिसतात. त्यांच्यासाठी तुम्हाला 12 आठवड्यांचा मध्यम पातळीचा कार्यक्रम आखायचा आहे, तलावात छातीएवढे पाणी आहे आणि एका टोकाला ते डोक्यावरून जाते. अशा वेळी संगीताची गती वाढवावी का, आणि फोमचे मोठे डंबेल आणावेत का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

दोन्ही गोष्टींना माझे उत्तर तूर्त ‘नको’ असे आहे. सदस्यांना दम लागत नाही याचे कारण व्यायाम सोपा झाला हे क्वचितच असते. बहुतेक वेळा असे घडते, की सराव झाल्यावर माणूस नकळत पाण्याला चुकवून हालचाल करू लागतो: हात तळव्याने ढकलण्याऐवजी कडेने कापत नेतो, पाय पूर्ण न उचलता अर्ध्यावरूनच परत आणतो आणि प्रवाह तयार झाला की त्याच्यासोबतच फिरतो. जमिनीवर दहा किलोचे वजन उचलणाऱ्याला दहा किलोच उचलावे लागतात. पाण्यात मात्र रोध किती घ्यायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. म्हणून मध्यम पातळी याचा मी लावत असलेला अर्थ असा, की सदस्याला हवा तेवढा रोध स्वतः निर्माण करता येतो आणि तो घेताना शरीराची ठेवण सांभाळता येते. संपूर्ण आराखडा या एका व्याख्येवरून उलगडत जातो.

काही बाबी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी पाहू. पहिली खोली. कमरेएवढ्या पाण्यात शरीराच्या वजनाचा साधारण निम्मा भार पायांवर राहतो, छातीएवढ्या पाण्यात तो पाव ते एक तृतीयांश होतो आणि मानेपर्यंत पाणी आले की जेमतेम दहा टक्के उरतो. त्यामुळे एकाच तलावात उभ्या असलेल्या ठेंगण्या आणि उंच व्यक्ती प्रत्यक्षात दोन वेगळे व्यायाम करत असतात. ठेंगण्या व्यक्तीला तोल सांभाळणे आणि दिशा बदलणे कठीण जाते, तर उंच व्यक्तीच्या गुडघ्यांना अधिक भार सोसावा लागतो. तळ उताराचा असेल तर उंचीनुसार जागा ठरवून द्यावी. मैत्रिणी शेजारी-शेजारी उभ्या राहू पाहतात, त्याला मात्र इलाज नाही.

दुसरी बाब तापमान. या प्रकारच्या वर्गासाठी 28 ते 30 अंश सेल्सिअसचे पाणी सोयीचे असते. पाणी हवेच्या तुलनेत सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून त्याहून थंड पाण्यात सुरुवातीची हालचाल लांबवावी लागते आणि शेवटी एका जागी स्थिर राहून ताण देण्याचा वेळ कमी करावा लागतो. पाणी 32 अंशांच्या पुढे असेल तर जोरदार टप्पे मी घेत नाही, कारण अशा पाण्यात शरीराला उष्णता बाहेर टाकणे अवघड जाते. तिसरी बाब सदस्यांची प्रकृती. अनियंत्रित रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार, श्वसनाचे विकार किंवा गर्भारपण असेल, तर तीव्रता वाढवण्याआधी डॉक्टरांची संमती घ्यावी. ताप, जुलाब किंवा उघडी जखम असताना कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये.

आता संगीताच्या गतीबद्दल. पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या (म्हणजे वेग गुणिले वेग) प्रमाणात वाढतो: वेग दुप्पट केला तर रोध चौपट. यावरून कोणालाही वाटेल, की संगीत वेगवान केले म्हणजे काम झाले. परंतु येथे वेग म्हणजे हात किंवा पाऊल पाण्यातून प्रत्यक्षात किती वेगाने सरकते तो, आणि संगीताची गती ही वेगळीच गोष्ट आहे. समजा तुम्ही संगीत 20 टक्क्यांनी वेगवान केले आणि ताल गाठण्याच्या धडपडीत पायाचा झोका एक तृतीयांशाने आखूड झाला. अशा वेळी पावलाचा प्रत्यक्ष वेग पूर्वीच्या सुमारे 80 टक्के राहतो आणि रोध सुमारे 64 टक्क्यांवर येतो. म्हणजे वर्ग अधिक उत्साही दिसतो, पाणी अधिक उडते आणि स्नायूंचे काम मात्र एक तृतीयांशाहून अधिक घटते. उथळ पाण्यातील वर्गात साधारणपणे मिनिटाला 125 ते 150 ठोक्यांचे संगीत वापरतात आणि पूर्ण झोक्याच्या हालचाली प्रत्येक ठोक्यावर न करता एकाआड एक ठोक्यावर करतात. ही पद्धत सोडण्याचे कारण मध्यम पातळीवरही नाही. मी संगीत तेच ठेवतो आणि त्याच तालात हालचाल मोठी करायला सांगतो. तेवढ्याने पहिल्याच तासाला तक्रारी थांबतात, निदान दम लागत नाही ही तक्रार तरी.

कार्यक्रम सुरू करण्याआधी प्रत्येक सदस्याची एक छोटी पडताळणी करावी. पाठीवर तरंगत असताना आणि पालथे असताना, दोन्ही स्थितींतून आधाराशिवाय पायांवर उभे राहता येते का? छातीएवढ्या पाण्यात धावत असताना तोंडावर पाणी आले तरी श्वास आवरता येतो का? एका पायावर उभे राहून हातांनी पाणी कापत तोल सांभाळता येतो का? पहिली गोष्ट जमत नसेल तर ती व्यक्ती कितीही तंदुरुस्त असो, तिला मध्यम वर्गात घेऊ नये. अधिक वेग, उड्या आणि दिशाबदल आले की पाय निसटण्याची शक्यता वाढते, आणि निसटलेल्या व्यक्तीला उभे राहता आले नाही तर पाणी छातीएवढे असणे हा दिलासा ठरत नाही. शिकवणारी व्यक्ती आणि जीवरक्षक एकच असू नये, हे येथेच सांगून ठेवतो.

काठिण्य कोणत्या क्रमाने वाढवावे, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे आणि त्यावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. सर्वांत आधी हालचालीचा आवाका. जॉगिंग, किक, जंपिंग जॅक, हात-पाय विरुद्ध दिशांना पुढे-मागे नेण्याची स्कीची हालचाल, एका पायावरून दुसऱ्या पायावर पुढे-मागे झुलण्याची रॉकिंग हॉर्स आणि दोन्ही बाजूंना झुलण्याची लंबकाची हालचाल या मूळ सहा हालचाली पुरेशा आहेत. नवनव्या रचना शोधण्याची गरज नाही. स्कीमध्ये मागचा पाय खरोखर मागे जातो का, कंबर न वाकवता जातो का, हे पाहावे. आवाका टिकला की पृष्ठभाग वाढवावा. हात कडेने कापणे, मूठ वळणे आणि बोटे किंचित विलग ठेवून तळवा उघडणे या तीन अवस्थांमधला फरक सदस्यांना आधी जाणवू द्यावा. त्यानंतर बोटांमध्ये पडदा असलेले हातमोजे हे माझ्या मते सर्वांत उपयुक्त साधन आहे, कारण ते सर्व दिशांना सारखाच रोध देतात आणि नको असेल तेव्हा मूठ वळली की रोध कमी होतो.

यानंतर वेग, तोही आवाका न घटवता. गुडघा वाकवून होणारी हालचाल सरळ पायाने केली तर तरफ लांब होते, पावलाचा वेग वाढतो आणि मांडीच्या सांध्याभोवतीच्या स्नायूंना बरेच अधिक काम पडते. म्हणून हा बदल वेगासोबत एकाच तासात आणू नये. पुढचा टप्पा जागा सोडून सरकण्याचा. जागेवर जॉगिंग करणे आणि तेच जॉगिंग करत तलावाची रुंदी पार करणे यांत मोठे अंतर आहे, कारण सरकताना संपूर्ण धडाचा पुढचा भाग पाण्याला ढकलत असतो. संपूर्ण वर्गाला एका दिशेने सरकवून अचानक मागे वळायला सांगितले, तर स्वतःच तयार केलेला प्रवाह अंगावर येतो आणि जडत्वावरही मात करावी लागते. मध्यम वर्गासाठी याहून चांगले आणि स्वस्त साधन मला माहीत नाही. फक्त वळण्याची सूचना दोन ठोके आधी द्यावी, नाहीतर लोक एकमेकांवर आदळतात.

सर्वांत शेवटी शरीराच्या पातळीतील बदल. उसळी घेऊन तीच हालचाल करणे, खांदे पाण्याच्या पातळीवर ठेवून न उसळता करणे आणि पाय तळाला न टेकवता अधांतरी करणे ही तीन रूपे आहेत. यांपैकी उसळीचे रूप सर्वांना कठीण वाटते, कारण ते दिसायला जोरदार असते. प्रत्यक्षात खांदे पाण्यात ठेवून केलेल्या हालचालीत दंड आणि छाती सतत पाण्याखाली राहतात आणि उसळीची मदतही मिळत नाही. अधांतरी केलेल्या हालचालीत पोट आणि पाठीच्या स्नायूंना तोल सांभाळावा लागतो. गुडघे कुरकुरणाऱ्या सदस्याला कमी तीव्रतेची हालचाल द्यायची म्हणून बाजूला काढण्यापेक्षा त्याला ही दोन रूपे द्यावीत. त्याचा व्यायाम इतरांपेक्षा हलका ठरणार नाही.

फोमच्या डंबेलविषयी तुमच्या मनात जमिनीवरच्या डंबेलचे चित्र असावे, असे प्रश्नाच्या शब्दांवरून वाटते. पाण्यात दिशा उलटी होते. जमिनीवर कोपर वाकवून डंबेल वर आणताना दंडाचा पुढचा स्नायू काम करतो. पाण्यात फोमचे डंबेल प्लावक बलाने आपणहून वर येते आणि खरे काम ते खाली दाबताना दंडाच्या मागच्या स्नायूला पडते. वर येताना वेग रोखून धरला तर तोच मागचा स्नायू लांबत लांबत काम करतो, सोडून दिला तर कोणताच करत नाही. त्यामुळे फक्त डंबेलवर भर दिला की खाली दाबणारे स्नायू थकतात आणि वर खेचणारे तसेच राहतात. मोठ्या डंबेलचा आणखी एक तोटा असा, की ते पाण्याखाली ठेवण्यासाठी लोक खांदे कानांकडे उचलतात आणि मूठ घट्ट आवळतात. खोल पाण्यात दोन्ही बाजूंना डंबेल धरून त्यांवर शरीर लोंबकळत ठेवणे तर खांद्याच्या सांध्यासाठी वाईटच. मध्यम आकाराचे डंबेल ठेवावेत, एका वेळी दोन-तीन मिनिटांहून अधिक वापरू नयेत आणि दोन हालचालींच्या मध्ये हात मोकळे करून घ्यावेत. खोल भागात तरंगण्यासाठी कमरेचा बेल्टच वापरावा.

नाडीच्या ठोक्यांची काळजी मात्र सोडून द्या. माणूस मानेपर्यंत पाण्यात उतरला की पाण्याच्या दाबामुळे पायांतील आणि पोटातील सुमारे 700 मिलिलिटर रक्त छातीकडे सरकते, हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त पुढे ढकलते आणि तेवढ्याच श्रमाला ठोके कमी लागतात. जमिनीच्या तुलनेत हा फरक मिनिटाला साधारण 10 ते 17 ठोक्यांचा असू शकतो. तो खोलीनुसार, तापमानानुसार आणि व्यक्तीनुसार बदलतो. मनगटावरील घड्याळे पाण्यात नीट मोजत नाहीत ही आणखी एक अडचण, आणि रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांचे ठोके तर जमिनीवरही श्रमाचे खरे माप देत नाहीत. म्हणून गुन्नार बोर्ग यांच्या श्रमजाणिवेच्या मोजपट्टीचे 0 ते 10 हे रूप वापरावे आणि जोडीला बोलण्याची कसोटी ठेवावी: पूर्ण वाक्य सहज बोलता येते तोवर श्रम चार-पाचच्या आसपास, तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर सात. रक्त छातीकडे सरकण्याचाच एक परिणाम म्हणून मूत्रपिंडे अधिक मूत्र तयार करतात, त्यामुळे वर्गाच्या मध्येच बाहेर जाणाऱ्यांना कामचुकार समजू नये. पाण्यात घाम दिसत नाही तरी येतो, हे लक्षात घेऊन काठावर प्रत्येकाची पाण्याची बाटली असू द्यावी.

आता 12 आठवड्यांकडे येऊ. आठवड्यातून तीन वर्ग उत्तम, दोन चालतील. एक वर्ग 50 मिनिटांचा धरला तर पहिली आठ-दहा मिनिटे शरीर उबदार होईपर्यंत चालणे आणि मोठ्या, सावकाश हालचाली, मग 25 मिनिटे मुख्य भाग, दहा मिनिटे स्नायूंच्या ताकदीसाठी आणि उरलेला वेळ शांत होण्यासाठी. पहिल्या तीन आठवड्यांत मी तीव्र टप्पे मुळीच घेत नाही. त्या काळात मूळ सहा हालचालींचा आवाका, तळव्याची दिशा आणि धडाची ठेवण एवढेच शिकवायचे, श्रम चार-पाचवर ठेवायचे. सदस्यांना हा काळ कंटाळवाणा वाटतो, तरी तो कापू नये.

चौथ्या ते सातव्या आठवड्यात एक मिनिट जोराचे आणि दोन मिनिटे हलके अशा फेऱ्या सुरू कराव्यात, जोराच्या मिनिटात श्रम सातपर्यंत जावेत. हळूहळू हलका वेळ कमी करत दोन्ही भाग समान करावेत आणि याच काळात सरकण्याच्या हालचाली आणाव्यात. आठवा आठवडा मुद्दाम हलका ठेवावा. नवव्यापासून बेल्ट बांधून खोल पाण्यातील धावणे, अधांतरी हालचाली आणि लांब तरफेच्या हालचाली जोडाव्यात. जोराचा भाग कधी 30 सेकंदांचा तर कधी दोन मिनिटांचा असू द्यावा. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, हा नियम शेवटपर्यंत पाळावा. 20 सेकंद जोर आणि दहा सेकंद विश्रांतीची ताबाता पद्धत पाण्यात आणण्याचा आग्रह अनेक जण धरतात. इझुमी ताबाता आणि सहकाऱ्यांचा 1996 मधील अभ्यास स्थिर सायकलवर, तरुण आणि सरावलेल्या पुरुषांवर झाला होता. पाण्यात पहिले काही सेकंद शरीर आणि भोवतालचे पाणी हलते करण्यातच जातात, म्हणून इतके छोटे टप्पे मला मध्यम पातळीसाठी सोयीचे वाटत नाहीत.

हा कार्यक्रम काय देऊ शकत नाही, तेही सदस्यांना आधी सांगावे. प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीसाठी द्यावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस आहे. तुमचे तीन वर्ग पहिला आकडा गाठून देतात. ताकदीच्या बाबतीत पाण्याचा व्यायाम बराच पल्ला गाठून देतो, पण त्यात स्नायू आखडत काम करतात त्या मानाने भार सोसत लांबत फार कमी काम करतात. दुसऱ्या दिवशी अंग कमी दुखण्याचे कारणही तेच. पायऱ्या उतरणे किंवा खुर्चीत सावकाश बसणे यांसाठी लागणारी ताकद मात्र नेमकी त्या दुसऱ्या प्रकारची असते. शिवाय शरीराचा भार कमी झाल्यामुळे हाडांना मिळणारी चालनाही कमी असते. म्हणून ज्यांना जमिनीवरचा व्यायाम झेपतो त्यांनी आठवड्यातून एक-दोनदा वजनांसह थोडे काम जमिनीवर करावे, असे मी सुचवतो.

शिकवताना तुम्ही काठावर उभे राहत असाल, तर तुमच्या हालचालीला पाण्याचा रोध नसतो आणि तुमचा वेग नकळत वाढतो. दाखवताना पाण्याच्या वेगाने दाखवावे. अधांतरी हालचाली उंच स्टुलावर बसून दाखवता येतात. मिश्र पातळीच्या गटात एकच हालचाल तीन रूपांत सांगावी, मूठ वळून जागेवर, उघड्या तळव्याने जागेवर आणि उघड्या तळव्याने सरकत, आणि निवड सदस्यांवर सोडावी. पाण्यासाठीचे रबरी तळव्याचे बूट सर्वांना सक्तीचे केले तर पाय घसरत नाहीत आणि ढकलण्याचा जोरही वाढतो.

प्रगती मोजण्यासाठी नाडी उपयोगाची नाही, तेव्हा दोन साध्या चाचण्या ठेवाव्यात. पहिली, छातीएवढ्या पाण्यात सहा मिनिटांत चालून किती फेऱ्या होतात आणि शेवटी श्रम दहापैकी किती वाटतात. दुसरी जमिनीवरची: 30 सेकंदांत हातांचा आधार न घेता खुर्चीवरून किती वेळा उठता येते. दोन्ही चाचण्या पहिल्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात घ्याव्यात, पाण्यातली चाचणी प्रत्येकाने तळावर खूण केलेल्या त्याच रांगेत द्यावी, कारण खोली वीतभर बदलली तरी फेऱ्यांचे आकडे तुलनेस योग्य राहत नाहीत. आठव्या आठवड्यात फेऱ्या वाढल्या आणि श्रम तेवढेच राहिले, तर पुढचा टप्पा सुरू करा; फेऱ्या तेवढ्याच राहून श्रम वाढले असतील, तर खोल पाण्याकडे जाण्याआधी दोन आठवडे आवाक्याकडे परत जा.